रिव्हरसाइडची ट्राम खरंच एका वर्षात झाली का?

प्रश्न विचारणारे गृहस्थ एसटीतून आगार व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेत. सध्या मुलाकडे, बॉस्टनच्या न्यूटन या उपनगरात मुक्काम आहे. घराजवळच्या रिव्हरसाइड स्टेशनावरून ते ग्रीन लाइन या ट्राममार्गाच्या 'डी' शाखेने शहरात जातात. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात. मुलगा म्हणतो ही लाइन एका वर्षात झाली, हे खरं का, आणि खरं असेल तर आपल्याकडे मेट्रोला दहा-दहा वर्षं का लागतात? रिव्हरसाइडला ना गाव ना बाजार, नुसतं पार्किंग आणि कारशेड, मग शेवटचं स्टेशन नेमकं इथेच का? आणि कारशेडच्या मागून मोठी रेल्वेगाडी धडधडत जाते, ती इथे थांबत का नाही?

मी रूळ आणि रेल्वेमार्गाच्या देखभालीतला माणूस. आधी भारतात आणि नंतर इकडे याच कामात होतो, त्यामुळे उत्तर जरा रुळांच्या बाजूने येईल, ते चालवून घ्या.

मुलगा खरं सांगतोय. ३१ मे १९५८ ला या मार्गावरची शेवटची रेल्वेगाडी गेली आणि ४ जुलै १९५९ ला त्याच मार्गावरून ट्रामचे डबे धावू लागले. तेरा महिने. खर्च आला सुमारे ९० लाख डॉलर. लांबी साधारण १५ किलोमीटर, उघड्यावरची स्टेशनं १३. हे आकडे वाचून कुणालाही वाटेल की अमेरिकेत तेव्हा जादूगार राहत होते. आमच्या धंद्यात मात्र असं काही ऐकलं की आधी विचारतात, त्या लोकांना काय काय करावंच लागलं नाही? जमीन घ्यावी लागली नाही. पूल बांधावे लागले नाहीत. डोंगर फोडावा लागला नाही, भराव टाकावा लागला नाही. रुळांचा पायासुद्धा तयार होता. ही सगळी कामं आधीच्या एकशेदहा वर्षांत दुसऱ्यांनी, दुसऱ्यांच्या पैशाने करून ठेवली होती. त्यातल्या काहींचं तर त्यात दिवाळं वाजलं.

म्हणून थोडं मागे जावं लागेल. बॉस्टन ते वूस्टर हा रेल्वेमार्ग १८३५ मध्ये पूर्ण झाला. त्याच कंपनीने १८४८ मध्ये ब्रुकलाइनपर्यंत दोन-अडीच किलोमीटरचा एक छोटा फाटा काढला. तुमची आजची गाडी ब्रुकलाइन व्हिलेजच्या पुढे शहराकडे ज्या पट्ट्यातून जाते तो हाच. पुढे १८५२ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने हा फाटा न्यूटन अपर फॉल्सपर्यंत वाढवला, कारण तिथे चार्ल्स नदीच्या धबधब्यावर चालणाऱ्या गिरण्या होत्या.

या मार्गाला खरं काम मिळालं ते खडी-मातीचं. बॉस्टनचा बॅक बे हा आजचा उच्चभ्रू भाग तेव्हा भरतीचं पाणी शिरणारी दलदल होता. १८५८ पासून ती बुजवायला सुरुवात झाली. भरावाची खडी आली नीडहॅमच्या टेकड्यांमधून, आणि ती वाहून आणणाऱ्या गाड्या याच मार्गाने रात्रंदिवस धावत. म्हणजे तुम्ही बॅक बेमधल्या कॉप्ली चौकात उतरता तेव्हा पायाखाली नीडहॅमची टेकडी असते. मार्गाच्या मालकाला मात्र यातून फार काही मिळालं नाही. कंपनीमागून कंपनी आली, नावं बदलली, कर्जं बुडाली.

१८८३ मध्ये बॉस्टन अँड अल्बनी या मोठ्या कंपनीने ब्रुकलाइन ते न्यूटन हायलंड्स हा तुकडा विकत घेतला. तिथून पुढे नवीन रूळ टाकून तो रिव्हरसाइडला आपल्या मुख्य मार्गाशी जोडला. मे १८८६ मध्ये असा फेरा पूर्ण झाला: शहरातून मुख्य मार्गाने निघायचं, रिव्हरसाइडला वळायचं आणि दक्षिणेकडून परत शहरात यायचं. लोक त्याला 'न्यूटन सर्किट' म्हणत. या दक्षिण बाजूला तेव्हा शेतं आणि माळ होता. स्टेशन आलं की वस्ती येते हा हिशेब कंपनीला आणि जमीनमालकांना पक्का ठाऊक होता. त्यामुळे स्टेशनांवर पैसा सढळ हाताने खर्च झाला. वास्तुविशारद एच. एच. रिचर्डसन यांच्याकडून दगडी इमारती करवून घेतल्या आणि आवारातली झाडी लावायला फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांना बोलावलं. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणारे तेच.

तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं काम मात्र यानंतरचं आहे, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात न्यूटनमधली रस्त्यावरची फाटकं काढून टाकली. त्यासाठी न्यूटन सेंटर, न्यूटन हायलंड्स या भागात रूळ खाली खणून नेले आणि रस्ते वरून पुलांवरून नेले. तुम्हाला फलाटावर जायला पायऱ्या उतरून जावं लागतं ते यामुळे. एकदा मुद्दाम पुढच्या डब्यात मोटरमनच्या मागे उभे राहा आणि रिव्हरसाइडपासून बोगद्यापर्यंत रस्ता रुळांना कुठे आडवा येतो का ते बघा. येत नाही. बीकन स्ट्रीट किंवा कॉमनवेल्थ अॅव्हेन्यूवरून जाणाऱ्या ग्रीन लाइनच्या इतर शाखा प्रत्येक चौकात मोटारींच्या सिग्नलला थांबतात. 'डी' शाखेची गाडी आपल्या वाटेने सुसाट जाते. डबे तेच, कर्मचारी तेच. फरक आहे तो शंभर वर्षांपूर्वी खणलेल्या त्या मातीचा.

१९५० च्या दशकात रेल्वे कंपन्यांना उपनगरी प्रवासी नकोसे झाले होते. मोटारी वाढल्या, डबे रिकामे जाऊ लागले. ही शाखा ट्रामकडे द्यावी अशी शिफारस १९४५ आणि १९४७ च्या सरकारी अहवालांमध्ये आधीच झाली होती. १९५७ मध्ये कायदा झाला, शहरी वाहतूक चालवणाऱ्या प्राधिकरणाने मार्ग विकत घेतला आणि काम सुरू झालं. रुळांमधलं अंतर रेल्वेचं आणि ट्रामचं एकच होतं, हे मोठंच भाग्य. खांब उभारून वर विजेची तार ओढली, स्टेशनांवर बुटके फलाट केले, आणि रिव्हरसाइडला गाडी फिरवायला लूप व यार्ड केलं.

एक काम मात्र नाजूक होतं: शहरात शिरायचं कुठून? उपनगरात जागा मिळून जाते, गाडं अडतं ते शहराच्या तोंडाशी. इथेही आधीच्या लोकांची पुण्याई कामी आली. बॉस्टनमध्ये ट्रामचा भुयारी मार्ग १८९७ पासून आहे, अमेरिकेतला पहिला. १९३२ मध्ये केनमोर स्टेशन झालं तेव्हा बीकन स्ट्रीटच्या ट्रामसाठी एक बोगदा तिथून बाहेर काढलेला होता. नवी लाइन फेनवेपाशी जमिनीखाली नेऊन त्या बोगद्याला मध्येच जोडली, बस्स. नवा भुयारी मार्ग लागला तो जेमतेम जोडापुरता. हा जोड नसता तर रिव्हरसाइडची ट्राम शहराच्या वेशीवर अडकली असती, प्रवाशांना तिथे गाडी बदलावी लागली असती आणि मग ती फारशी चाललीही नसती, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमच्या प्रश्नातला 'आपल्याकडे का नाही' हा भाग. याला सरसकट उत्तर नाही. मार्ग रिकामा आहे की वापरात, जमीन कुणाची, फाटकं किती, शहरात शिरायला वाट आहे का, यावर सगळं अवलंबून असतं. पण तुलना करायला पुण्या-मुंबईपर्यंत जायची गरज नाही. खुद्द बॉस्टनला हा प्रयोग पुन्हा जमला नाही.

त्याच ग्रीन लाइनचं दुसरं टोक उत्तरेला सॉमरव्हिल आणि मेडफर्डपर्यंत वाढवलं, ते २०२२ मध्ये सुरू झालं. लांबी साधारण साडेसात किलोमीटर, म्हणजे तुमच्या लाइनच्या निम्मी. तीही जुन्या रेल्वेमार्गाच्या पट्ट्यातूनच. खर्च सुमारे २२८ कोटी डॉलर! मधे २०१५ मध्ये अंदाज तीनशे कोटींच्या आसपास गेला, तेव्हा आधीचं कंत्राट मोडून सगळा आराखडा काटकसरीने पुन्हा करावा लागला होता. १९५९ चे ९० लाख आजच्या भावाने साधारण दहापट धरले तरी किलोमीटरमागे हा खर्च पन्नासपटीच्या घरात जातो. त्यात कारशेड आणि नवे डबेही आहेत हे कबूल, पण तेवढ्याने ही दरी बुजत नाही.

मग फरक कशात? उत्तरेकडच्या पट्ट्यातून लोकल रेल्वे तेव्हाही धावत होती आणि आजही धावते. ट्रामला जागा करण्यासाठी चालू रेल्वेचे रूळ बाजूला सरकवायचे, त्यासाठी किलोमीटरच्या किलोमीटर संरक्षक भिंती बांधायच्या, वरचे रस्त्याचे पूल रुंद करायचे, आणि हे सगळं शेजारून गाड्या जात असताना. चालू मार्गाला खेटून काम करणं म्हणजे काय ते मी जवळून पाहिलंय. रात्री चार तासांचा ब्लॉक मिळतो. त्यातला पहिला तास वीज बंद करून घेण्यात आणि माणसं-यंत्रं आत नेण्यात जातो, आणि शेवटचा तास सगळं आवरून मार्ग परत सुरक्षित करून देण्यात. हाती उरतात दोन तास. एवढं करूनही उत्तरेकडच्या नव्या रुळांमधलं अंतर काही ठिकाणी कमी भरल्याचं २०२३ मध्ये उघडकीस आलं, गाड्या पादचाऱ्यांच्या वेगाने चालवाव्या लागल्या आणि ते काम दुरुस्त करावं लागलं.

१९५८-५९ मध्ये तेरा महिने रिव्हरसाइड मार्गावर एकही प्रवासी गाडी नव्हती. अख्खा मार्ग ठेकेदाराच्या ताब्यात, दिवसा उजेडी. जे थोडे प्रवासी उरले होते त्यांनी आपली दुसरी सोय पाहिली आणि फारशी ओरड झाली नाही. मुंबईत कुठलीही लोकल तेरा महिने बंद ठेवतो म्हणायची कुणाची छाती होईल? आपले जुने उपनगरी मार्ग ओसंडून वाहतायत. मेट्रो बांधायची तर ती चालू रस्त्याच्या डोक्यावर किंवा पोटातून, खालच्या जलवाहिन्या, गटारं, केबल हलवत हलवत. दिरंगाईला बाकी कारणंही आहेत, ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतील. पण रिव्हरसाइडशी तुलना करून कुणी आपल्या इंजिनिअरांना नावं ठेवत असेल तर ते अन्यायाचं आहे.

दुसरी बाजूही सांगतो, कारण 'स्वस्तात झालं' ही अर्धीच गोष्ट आहे. जे काम १९५९ मध्ये केलं नाही त्याचं बिल नंतर हप्त्याहप्त्याने आलं. पहिल्याच दिवसापासून अपेक्षेपेक्षा जास्त गर्दी लोटली. डबे कमी पडले. डल्लासहून जुने वापरलेले २५ डबे विकत आणले होते, तरी इतर मार्गांवर ओढाताण झालीच. सत्तरच्या दशकात बोइंगचे नवे डबे येणार म्हणून रूळ आणि वीजपुरवठ्याची मोठी कामं करावी लागली. ते डबे १९७६ च्या अखेरीस आले आणि दरवाजांपासून सगळ्यात इतके रडवणारे निघाले की शेवटी काही डबे घ्यायलाच नकार दिला. पुढे इटलीच्या ब्रेडा कंपनीचे लो-फ्लोअर, म्हणजे जमिनीलगत तळ असलेले डबे आले, ते रुळांवरून घसरू लागले. 'डी' शाखेवरचा वेग जास्त, म्हणून २००७ मध्ये इथले रूळ सुधारल्यावरच ते या मार्गावर नियमित आले. २०१८ नंतर पुन्हा रूळ आणि सिग्नल बदलण्याचं काम काढलं.

सिग्नलचं प्रकरण जास्त गंभीर आहे. या मार्गावर सिग्नल रुळांच्या कडेला उभे होते आणि ते बघून गाडी थांबवणं सर्वस्वी मोटरमनवर होतं. लाल सिग्नल ओलांडला तर गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा नव्हती. रस्त्यावरच्या संथ ट्रामला ते चालून जातं. पण इथे डबे ट्रामचे आणि वेग रेल्वेचा. २८ मे २००८ ला वुडलंड स्टेशनाजवळ मागची गाडी पुढच्या गाडीवर आदळली आणि मागच्या गाडीची मोटरमन दगावली. तपासात निष्कर्ष निघाला की तिला बहुधा क्षणभर डुलकी लागली असावी. तपास यंत्रणेने स्वयंचलित गाडी-रोधक व्यवस्थेची शिफारस केली. तिचं कंत्राट द्यायला मात्र २०१९ उजाडलं.

पाण्याचंही तसंच. जुनी रेल्वे सपाट वाट शोधत मडी रिव्हर या ओढ्याच्या काठाने आली, कारण वाफेच्या इंजिनाला चढ नको असतो. १९५९ मध्ये त्याच वाटेला बोगदा जोडला आणि ओढ्यालाही शहराखाली शिरायला तोंड मिळालं. ऑक्टोबर १९६२ आणि ऑक्टोबर १९९६, दोन्ही वेळा ओढ्याला पूर आला आणि फेनवेच्या तोंडातून पाणी थेट केनमोर स्टेशनात भरलं.

आणि ओल्मस्टेडच्या परंपरेतली ती सुंदर झाडी! तुम्ही ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत राहणार असाल तर सकाळच्या पहिल्या गाड्यांना वुडलंड-वाबानच्या बाजूला हळू जाताना बघा. पडलेली ओली पानं चाकाखाली चिरडली की रुळांच्या डोक्यावर काळपट, साबणासारखा गुळगुळीत थर बसतो. बोट फिरवलं तर चिकट लागतो आणि साध्या पाण्याने धुतला जात नाही. त्यावर ब्रेक लावला की चाक फिरायचं थांबतं पण गाडी पुढे घसरत राहते, आणि चाकाला एका जागी सपाट चट्टा पडतो. मग ते चाक पुढे प्रत्येक फेऱ्याला 'ठक ठक' करत राहतं. उपाय म्हणजे रूळ जोरदार फवाऱ्याने धुवायचे आणि चाकापुढे वाळू सोडायची. डब्याच्या आसनाखाली कोरड्या वाळूची पेटी असते ती याचसाठी.

थोडक्यात: तेरा महिन्यांत तारा, फलाट, यार्ड आणि बोगद्याचा जोड झाला. लाइन झाली १८४८ ते १९५९ या काळात, आणि तिची उरलेली कामं अजून चालूच आहेत.

आता शेवटचं स्टेशन इथेच का. तुम्ही आगार सांभाळलंय, त्यामुळे हे तुम्हाला लगेच पटेल: एसटीचा डेपो कधी बाजारपेठेत नसतो, तो गावाबाहेर जिथे गाड्या उभ्या करायला जागा मिळेल तिथे असतो. रिव्हरसाइडला फेरा मुख्य मार्गाला मिळत होता, म्हणून रेल्वेची सपाट मोकळी जागा होती. डबे ठेवायला, धुवायला, दुरुस्तीला तीच हवी होती. शिवाय वेळ अचूक जुळून आली होती. बॉस्टनभोवतीचा १२८ क्रमांकाचा महामार्ग पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला इथून गेला, आणि पश्चिमेकडून येणारा मॅसॅच्युसेट्स टर्नपाइक १९५७ मध्ये त्याला येऊन मिळाला. म्हणजे ट्राम सुरू व्हायच्या दोन वर्षं आधी दोन मोठे रस्ते या स्टेशनाच्या दाराशी येऊन ठेपले होते. मोटारीने यायचं, गाडी लावायची आणि ट्रामने शहरात जायचं. आजही तिथे नऊशेच्या वर मोटारी मावतात. तुम्हाला गाव दिसत नाही, कारण या स्टेशनाचं गाव मोटारीतून येतं.

एकेकाळी मात्र इथे लोक मुद्दाम यायचे. चार्ल्स नदी इथे रुंद आणि संथ आहे, रविवारी होड्या वल्हवायला झुंबड उडायची. जवळच ऑबर्नडेलला कॉमनवेल्थ अॅव्हेन्यूच्या ट्राम कंपनीने १८९७ मध्ये नोरुम्बेगा पार्क नावाचं करमणुकीचं उद्यान काढलं होतं. सुटीच्या दिवशी ट्राम रिकाम्या जाऊ नयेत म्हणून मार्गाच्या टोकाला जत्रा भरवायची, ही त्या काळच्या ट्राम कंपन्यांची ठरलेली युक्ती. पार्क १९६३ मध्ये बंद झालं. महामार्गाने नदीकाठ आणि वस्ती यांत भिंत घातली ती घातलीच. आता स्टेशनाच्या पार्किंगवर घरं आणि कार्यालयं उभारण्याची योजना मंजूर आहे. ती पूर्ण झाली तर कधी तरी इथे गावही दिसेल.

कारशेडमागून जाते ती बॉस्टन-वूस्टर मार्गावरची लोकल, आणि दिवसातून एकदा शिकागोची लांब पल्ल्याची गाडीही. वूस्टर मार्गाच्या गाड्या रिव्हरसाइडला १९७७ पर्यंत थांबत होत्या. ट्राम आल्यावर तिथून रेल्वे पकडणारे थोडेच उरले आणि थांबा काढला. तो पुन्हा सुरू करावा, रिव्हरसाइडहून छोट्या गाड्या थेट शहराच्या साउथ स्टेशनला सोडाव्यात, असे प्रस्ताव अधूनमधून येतात. मला ते करण्यासारखे वाटतात, कारण जागा आहे आणि प्रवासीही मिळतील. पण त्या मार्गावर न्यूटनच्या तिन्ही स्टेशनांना एकाच रुळाच्या बाजूला फलाट आहे, त्यामुळे तिथे थांबणाऱ्या गाड्यांना दोन्ही दिशांनी तोच रूळ वापरावा लागतो. आधी ते सुधारल्याशिवाय गाड्या वाढवता येणार नाहीत. तोपर्यंत तुम्हाला वूस्टरकडे जायचं असेल तर सगळ्यात जवळचं स्टेशन ऑबर्नडेल, रिव्हरसाइडपासून चालत जाण्यासारखं आहे. फक्त वेळापत्रक बघूनच निघा, मधल्या वेळात गाड्या विरळ असतात.